निघण्याआधी सगळंच आटपायला हवं का?

नागपूरच्या मानेवाडा भागात वाढलेली आमची एक वाचक सध्या इंग्लंडमध्ये, यॉर्कशरमधल्या एका शहरात, सार्वजनिक आरोग्य या विषयात एक वर्षाचं एमएस्सी करते आहे. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात डिझर्टेशन, म्हणजे पदवीचा शेवटचा प्रबंध, द्यायचं आहे आणि त्यानंतर चार-पाच दिवसांत वसतिगृहातली खोली रिकामी करायची आहे. वर्ष कसं गेलं कळलंच नाही, असं ती लिहिते. पॅरिस राहिलं, ॲमस्टरडॅम राहिलं, लंडनसुद्धा धावतपळत पाहिलं. उरलेल्या सहा आठवड्यांत डिझर्टेशन संपवायचं, कॅफेत जादा शिफ्ट घेऊन पैसे जमवायचे, त्या पैशांत युरोप पाहायचा, नोकरीसाठी अर्ज करायचे, सामान आवरायचं आणि सगळ्यांना भेटायचं असं तिनं ठरवलं आहे. पण रोज रात्री यातलं काहीच झालं नाही म्हणून झोप लागत नाही. आईला ती महालक्ष्म्यांना घरी हवी आहे. मैत्रिणी म्हणतात, शिक्षणानंतर तिथं राहून काम करू देणारा दोन वर्षांचा ग्रॅज्युएट व्हिसा सोडून परत जाणं हा वेडेपणा आहे. मावशी म्हणते, एका वर्षाची डिग्री इकडे कोणी मानत नाही. शैक्षणिक कर्जासाठी वडिलांनी राहतं घर तारण ठेवलं आहे आणि हल्ली ते फोनवर फारसं बोलत नाहीत. तिचे प्रश्न दोन : मी हे वर्ष वाया घालवलं का? आणि मी तिथं राहू की परत येऊ?

बेटा,

तुझ्या यादीतल्या प्रत्येक कामाला तू एकच शेवटची तारीख देऊन टाकली आहेस, ती म्हणजे विमानाची. डिझर्टेशन, पैसे, पॅरिस, नोकरी, निरोप, आईच्या महालक्ष्म्या, बाबांचं कर्ज, सगळं त्या दिवसाच्या आत व्हायला हवं. असं झालं की एक काम हातात घेतलं तरी बाकीची डोक्यात गोंगाट करत राहतात. मग झोप कशी लागणार? म्हणून राहू की येऊ याकडे वळण्याआधी मला या तारखा एकमेकींपासून सोडवून घ्यायच्या आहेत. तुझ्यापुढे खरं तर पाच वेगवेगळ्या तारखा आहेत. डिझर्टेशन द्यायची, खोली सोडायची, अभ्यासक्रम अधिकृतपणे संपण्याची, व्हिसा संपण्याची आणि कर्जाचा हप्ता सुरू होण्याची. पहिल्या दोन तारखा अंगावर आल्या आहेत हे खरं. पण बाकीच्या तिघींना तू विनाकारण पुढे ओढून आणलं आहेस.

व्हिसापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथं आहे. अभ्यासक्रम बारा महिन्यांचा किंवा त्याहून मोठा असेल, तर ब्रिटनचा विद्यार्थी व्हिसा अभ्यासक्रम संपल्यावरही आणखी चार महिने चालतो. तुझी नेमकी तारीख तुझ्या ई-व्हिसावर आहे, आजच उघडून पाहा. कोर्स सप्टेंबरात संपत असेल तर ही तारीख जानेवारीतली असायला हवी. आता ग्रॅज्युएट व्हिसाचा अर्ज कधी करता येतो? तू ब्रिटनमध्ये असताना, विद्यार्थी व्हिसा चालू असताना, आणि तू अभ्यासक्रम यशस्वीपणे पूर्ण केलास असं विद्यापीठानं तिथल्या गृहखात्याला कळवल्यानंतरच. सप्टेंबरात दिलेल्या डिझर्टेशनचा निकाल साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात लागतो. म्हणजे महालक्ष्म्यांच्या दिवसांत तू हट्टानं तिथंच थांबलीस, तरी त्या दिवसांत तुला अर्ज करता येणारच नाही. आई एका बाजूला आणि व्हिसा दुसऱ्या बाजूला, अशी जी ओढाताण तुझ्या पत्रात पानभर आहे, ती मुळात नाहीच.

डिझर्टेशन देऊन तू नागपूरला येऊ शकतेस आणि व्हिसा चालू असेपर्यंत परत जाऊन अर्ज करू शकतेस. निघण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जाऊन हे स्वतःच्या बाबतीत पक्कं करून घे आणि निकाल प्रलंबित असल्याचं पत्र माग. परत उतरताना विमानतळावर विचारणा झाली तर ते पत्र हातात असू दे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेव. ग्रॅज्युएट व्हिसाचा अर्ज एकदा केला की निर्णय येईपर्यंत देश सोडायचा नाही. सोडला तर अर्ज मागे घेतल्यासारखं धरलं जातं.

आता मैत्रिणींच्या म्हणण्याकडे येते. त्यांचं चूक नाही, पण अर्धंच आहे. हा व्हिसा एकदाच मिळतो, वाढवून मिळत नाही. त्यासाठी अर्जाच्या शुल्काशिवाय दर वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार आगाऊ भरावा लागतो, म्हणजे दोन वर्षांचे २,०७० पौंड. १ जानेवारी २०२७ पासून केलेल्या अर्जांना दोन वर्षांऐवजी १८ महिनेच मिळणार आहेत, हेही हिशेबात धर. मुदत संपल्यावर पुढे राहायचं तर तुला प्रायोजित करणारा मालक लागतो, आणि तिथली सर्वसाधारण पगाराची अट जुलै २०२५ पासून वर्षाला ४१,७०० पौंड आहे. नुकतंच शिक्षण संपवलेल्यांना ती बरीच शिथिल आहे, तरी ३३,४०० पौंडांच्या खाली सहसा जात नाही. हे आकडे तुला घाबरवायला दिले नाहीत. ग्रॅज्युएट व्हिसाची ती वर्षं सार्वजनिक आरोग्याच्या कामात गेली तर सोनं आहेत. कॅफेच्या काउंटरमागेच गेली, तर तेवढाच काळ तू आपल्या विषयापासून लांब गेलेली असशील आणि कर्जावरचं व्याज तेवढं वाढलेलं असेल. तेव्हा व्हिसा मिळतो आहे म्हणून घ्यायचा, हे कारण पुरेसं नाही.

माझा कल विचारशील तर सांगते. राहू की येऊ हे या सहा आठवड्यांत ठरवूच नकोस. डिझर्टेशन दे, महालक्ष्म्यांना घरी ये, आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत स्वतःला वेळ दे. तोवर तिथल्या तुझ्या विषयातल्या जागांसाठी शांतपणे अर्ज कर, नागपुरात बसूनही ते होतात. एखाद्या ठिकाणाहून मुलाखतीचं बोलावणं आलं, किंवा सुपरवायझरनं एखाद्या प्रकल्पात काम आहे असं सांगितलं, तर परत जायला ठोस कारण मिळालं. दुसऱ्या तिकिटाचा आणि अधिभाराचा खर्च मग खर्च वाटणार नाही. असं काहीच आलं नाही, तर केवळ लोक काय म्हणतील म्हणून तो खर्च करू नकोस. इथंही तुझ्या विषयाला काम आहे. मिहानमधलं एम्स आहे, पर्यावरणावर संशोधन करणारी नीरी आहे, सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय आहे, गडचिरोलीत बंग दांपत्याचं शोधग्राम आहे. विदर्भातला सिकलसेल, मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढे जाणारा पारा आणि त्यात रस्त्यावर काम करणारी माणसं, हे तुझ्याच अभ्यासक्रमातले प्रश्न आहेत. परत येण्याला माघार समजू नकोस. पण लगेच परत यायलाच हवं असंही मी म्हणणार नाही. दोन्ही दारं उघडी आहेत, आणि घाईघाईनं त्यातलं एक लावून घ्यायची तुला आत्ता गरज नाही.

एका गोष्टीवर मात्र मला कडक बोलायचं आहे. जादा शिफ्टचा बेत सोडून दे. तुला वाटतं वर्ग संपले म्हणजे सुट्टी लागली. पदवीच्या मुलांना उन्हाळ्याची सुट्टी असते, तुम्हा एमएस्सीवाल्यांना नसते. डिझर्टेशनचा काळ टर्ममध्येच धरला जातो, म्हणून आठवड्याला २० तासांची मर्यादा तुला अजूनही लागू आहे. सगळ्या कामांचे मिळून २० तास, आणि आठवडा सोमवार ते रविवार मोजायचा. ही मर्यादा डिझर्टेशन दिल्याच्या दिवशी उठत नाही, तर अभ्यासक्रम संपण्याच्या अधिकृत तारखेला उठते, जी तुझ्या कॅसवर, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठानं दिलेल्या प्रवेशाच्या दाखल्यावर, लिहिलेली आहे. मॅनेजर म्हणेल, सगळेच करतात. करत असतील. पण व्हिसाच्या अटी मोडल्याची नोंद झाली तर ज्या व्हिसासाठी तुझा जीव एवढा वर-खाली होतो आहे, तोच धोक्यात येईल. चार शिफ्टच्या पैशांसाठी एवढी जोखीम घ्यायची नाही.

जादा शिफ्ट नाहीत म्हणजे युरोपचे पैसे नाहीत, हे मला कळतं. पण पैसे असते तरी मी तुला आत्ता जाऊ नको असंच म्हटलं असतं. पॅरिस-ॲमस्टरडॅमसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या किमान १५ दिवस आधी करावा लागतो, शुल्क ९० युरो, आणि तेवढे दिवस पासपोर्ट त्यांच्याकडे. तोही ऐन ऑगस्टमध्ये, जेव्हा अपॉइंटमेंट मिळणंच अवघड असतं. बँकेच्या स्टेटमेंटच्या आणि हॉटेल बुकिंगच्या मागे जे दिवस जातील, ते तुझ्या शेवटच्या दोन प्रकरणांचे आहेत. पॅरिसला पुढे कधीतरी जाता येईल, कदाचित स्वतःच्या पगारावर.

आणि मला खरंच शंका आहे की तुला पॅरिस पाहायचंच आहे का. तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. पॅरिसचा उल्लेख एका ओळीत आला आणि गेला. पण वसतिगृहातल्या सामाईक स्वयंपाकघराबद्दल तू कितीतरी लिहिलं आहेस. नायजेरियाची मैत्रीण तिचा जोलोफ भात करायची आणि तू शेजारच्या शेगडीवर वरणाला फोडणी द्यायचीस, धुराचा अलार्म वाजायचा आणि मग सगळा मजला खाली रस्त्यावर. शनिवारच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी तुझ्यासाठी बाजूला ठेवणारी ती बाई. वर्ष वाया गेलं का, असं तू मला विचारतेस, आणि त्याच पत्रात वर्षभर काय काय घडलं तेही लिहितेस. ते तुला मोजदाद करण्यासारखं वाटलं नाही, कारण त्याचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकण्यासारखे नव्हते. ज्या मुलीनं मानेवाड्यातून कधी एकटीनं मुंबई गाठली नव्हती, तिनं परक्या देशात वर्षभर घर चालवलं, नोकरी केली, चार विषयांच्या परीक्षा दिल्या, थंडीत आजारी पडून स्वतःच बरी झाली. या वर्षाची भरपाई करायची काहीही गरज नाही. म्हणून उरलेल्या सहा आठवड्यांवर तो भार टाकू नकोस.

पाहायचंच असेल तर जवळ पाहा. जुलैच्या अखेरीला तिथं रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्याचा उपयोग कर. दिवसभर लिखाण आणि संध्याकाळी दोन तास बाहेर. रविवारी एखादी बस पकडून व्हिटबीचा समुद्र, किंवा सॉल्टेअरचं जुनं गिरणीगाव. एक दिवस मँचेस्टरसाठी ठेव असं मी सुचवीन. तुला ते तासा-दीड तासाच्या अंतरावर असेल. तिथलं विज्ञान आणि उद्योग संग्रहालय विनामूल्य आहे, सूतकताईची जुनी यंत्रं तिथं आहेत. आपल्या वऱ्हाडचा आणि हिंगणघाटचा कापूस ज्या व्यापारानं ओढून नेला त्याचं दुसरं टोक ते. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली ती या कापसाच्या ओढीनंच, आणि पुढे १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी आपल्याकडे एम्प्रेस मिल सुरू केली. नागपूरच्या मुलीला तिथं जे दिसेल ते आयफेल टॉवरच्या रांगेत दिसणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

डिझर्टेशनबद्दल फार सांगत नाही, कारण तुझं विश्लेषण झालं आहे आणि दोनच प्रकरणं उरली आहेत, म्हणजे तू जेवढी घाबरली आहेस तेवढी मागे नाहीस. फक्त ऑगस्टमध्ये तिथले प्राध्यापक रजेवर जातात, तेव्हा सुपरवायझर नेमके कधी उपलब्ध आहेत आणि मसुदा कोणत्या तारखेपर्यंत वाचतील, हे या आठवड्यातच मेल करून विचार. नवीन शोधनिबंध वाचणं आता थांबव. एक तारीख ठरव आणि त्यानंतर फक्त लिहायचं. अपलोड शेवटच्या तासाला करू नकोस, आदल्या दिवशी कर. आणि सणासाठी मुदतवाढ मागू नकोस, ती सहसा मिळत नाही. पण खरोखर आजारी पडलीस तर लाजू नकोस, मुदतीच्या आत अर्ज कर आणि डॉक्टरांचा कागद जोड.

आईचा फोन रोज रात्री नऊला येतो आणि तेव्हा तुझी एकतानता मोडते, असं तू लिहिलंस. आपले रात्रीचे नऊ म्हणजे तुझे दुपारचे साडेचार, लिखाण ऐन भरात असण्याची वेळ. आईला सांग, सहा आठवडे फोन तुझ्या सकाळी आठला करू. तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेबारा झालेले असतात, तिचा स्वयंपाक आटोपलेला असतो. कारण सांगितलंस तर ती लगेच मानेल. तू फोन उचलत नाहीस आणि कारणही सांगत नाहीस, म्हणून ती काळजी करत बसते आणि पुन्हा फोन करते. महालक्ष्म्यांचा तिचा आग्रहही मला वेगळा दिसतो. आपल्याकडे तीन दिवस घर कसं भरलेलं असतं तुला ठाऊक आहे. सोळा भाज्या, आंबील, पुरण, मुखवट्यांचे दागिने, रात्रभर जागणं. मागच्या वर्षी तू निघालीस तेव्हा सणाची तयारी अर्धवट होती. या वर्षी तिला सगळं तुझ्यासोबत करायचं आहे. तू कायमची परत ये, असं ती म्हणाल्याचं तुझ्या पत्रात कुठंही नाही. तो अर्थ तू लावला आहेस. तिला एकदा स्पष्ट विचार : मी सणाला आले आणि नंतर पुन्हा गेले, तर चालेल का? मला वाटतं ती हो म्हणेल. नाही म्हणाली तर निदान खरं काय ते कळेल, आणि त्यावर बोलता येईल.

बाबांचं जास्त लांबवते, कारण तुझ्या पत्रातलं सगळ्यात जड वाक्य त्यांच्याबद्दलचं आहे : "बाबा बोलत नाहीत म्हणजे त्यांना पश्चात्ताप होत असणार." असणार, असं तू म्हणतेस. त्यांनी काही म्हटलेलं नाही. परदेशी शिकणाऱ्या मुलांचे वडील मी आपल्याकडे बरेच पाहते. कर्जाची फाइल, घराची कागदपत्रं, तिकिटं, विमा, हे सगळं चालू असतं तेव्हा त्यांच्याकडे बोलायला विषय असतो. मूल तिकडे रुळलं की तो संपतो. डिझर्टेशन म्हणजे काय, शिफ्ट म्हणजे काय, निकाल डिसेंबरच्या तोंडावर का, हे त्यांना कळत नाही आणि विचारायला संकोच वाटतो. मग "जेवलीस का?" एवढं विचारून ते फोन आईकडे देतात. ही नाराजी आहे असं मला वाटत नाही. आता आपण मुलीच्या काय कामाचे, असा तो प्रश्न असावा.

तर त्यांना काम दे. खरं काम. कर्जाचं मंजुरीपत्र घेऊन बँकेत जायला सांग आणि तीन गोष्टी विचारून घ्यायला सांग : हप्ता नेमका कोणत्या महिन्यापासून, आजवर व्याज किती साठलं आहे, आणि आत्तापासून फक्त व्याज भरत गेलो तर किती वाचेल. तुला वाटतं आहे की विमानतळावर उतरलीस की हप्ता सुरू. आपल्या बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतर एक वर्ष अशी सवलत असते. तुमच्या बँकेच्या पत्रात काय लिहिलं आहे ते बाबा पाहून येतील. त्या योजनेत साडेसात लाखांवरच्या कर्जाला सहसा तारण लागतं, ते तुझ्याच वाट्याला आलं असं नाही. आयकराच्या जुन्या पद्धतीत अशा व्याजावर वजावट मिळते, तेही त्यांना बघू दे. बाबा पुढच्या वर्षी निवृत्त होणार आहेत, म्हणून हा हिशेब त्यांच्यासमोर असणं गरजेचं आहे. मनातल्या भीतीपेक्षा कागदावरचा आकडा बहुतेक वेळा लहान निघतो. मोठा निघाला तरी तुम्ही दोघं मिळून त्याकडे पाहाल.

मावशीसाठी एकच उत्तर पुरे. भारत आणि ब्रिटन यांच्यात जुलै २०२२ मध्ये एकमेकांच्या पदव्या मानण्याचा करार झाला आहे आणि तिथल्या एक वर्षाच्या मास्टर्सचा त्यात समावेश आहे. वैद्यक, अभियांत्रिकी, कायदा अशा व्यावसायिक पदव्या त्यातून वगळल्या आहेत, पण तुझं एमएस्सी त्या वगळलेल्या पदव्यांत मोडत नाही.

मग असं काय उरलं जे फक्त तिथं असतानाच करता येईल? माझ्या मते तुझी खरी यादी तीच, आणि ती छोटी आहे. सुपरवायझर आणि आणखी एका प्राध्यापकांना समोरासमोर भेटून शिफारसपत्रासाठी विचारणं. मेलवरूनही विचारता येतं, पण चेहरा आठवणीत असतानाचं पत्र वेगळं येतं. विद्यापीठाचं ईमेल खातं काही काळानं बंद होतं, म्हणून त्यावरचं महत्त्वाचं सगळं स्वतःच्या खात्यावर घेणं आणि बँकेत, नोकरीच्या अर्जांत वैयक्तिक ईमेल देणं. मात्र सहभागी लोकांच्या मुलाखतींचा डेटा स्वतःच्या ड्राइव्हवर उचलून आणू नकोस. नैतिक मंजुरीत जिथं ठेवायचं ठरलं आहे तिथंच तो राहायला हवा. खोली सोडताना प्रत्येक भिंतीचे, गादीचे, शेगडीचे फोटो काढ आणि ते आल्या दिवशीच्या यादीशी ताडून पाहा. डिपॉझिट हातात येईपर्यंत तिथलं बँक खातं बंद करू नकोस. (ज्यांनी घरमालकाकडून घर भाड्यानं घेतलं आहे त्यांच्यासाठी : त्याला तुमचं डिपॉझिट सरकारमान्य योजनेत ठेवावं लागतं, आणि रकमेवर दोघांचं एकमत झालं की १० दिवसांत परत द्यावं लागतं. वाद झाला तर त्या योजनेकडे तक्रार मोफत करता येते.) कॅफेची नोकरी सोडताना पी-४५, म्हणजे पगार आणि कापलेला कर दाखवणारा कागद, मागून घे. तुझी वर्षाची कमाई १२,५७० पौंडांच्या आत असेल आणि तरी कर कापला गेला असेल, तर तो परत मिळतो. कायमची निघालीस तर त्यासाठी पी-८५ फॉर्म भरायचा.

कुकर, तवा, रजई आणि मसाल्यांचे डबे बॅगेत कोंबून आणायचा हट्ट धरू नकोस. सप्टेंबरात तुझ्याच विद्यापीठात आपल्याकडची नवी मुलं उतरतील. त्यांना पहिल्याच आठवड्यात कुकर आयता मिळाला तर किती सोपं जातं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. परत जायचं ठरलंच तर एक बॅग मैत्रिणीकडे ठेवून ये. निरोपाच्या मेजवान्यांपैकी प्रत्येकीला जायलाच हवं असंही नाही. ज्या चार-पाच माणसांशी तुझं खरं नातं जुळलं त्यांना एकेकट्यानं भेट. बाजारातल्या त्या बाईला आपण जाणार आहोत हे शेवटच्या शनिवारी न सांगता आधीच्या शनिवारी सांग, म्हणजे बोलायला दोन भेटी मिळतील.

जर्मनीतून किंवा अमेरिकेतून हे वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते, कारण अशी पत्रं तिकडूनही येतात. तारखा बदलतात, पण त्या आधी वेगवेगळ्या करून पाहायच्या हे तुम्हालाही लागू आहे. जर्मनीत पदवी पूर्ण केलेल्यांना नोकरी शोधण्यासाठी १८ महिन्यांपर्यंत राहण्याचा परवाना मिळू शकतो. देश सोडणार असाल तर शहराच्या कार्यालयात पत्ता रद्द करायची नोंद, म्हणजे अब्मेल्डुंग, घर सोडण्याच्या फार तर एक आठवडा आधी आणि सोडल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत करायची असते. ती झाल्याशिवाय रेडिओ-टीव्हीचं शुल्क आणि आरोग्यविमा बंद करायला अडचण येते. अमेरिकेत ऑप्टचा, म्हणजे शिक्षणानंतर काही काळ काम करण्याच्या परवानगीचा, अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून करता येतो. तिथं शेवटच्या आठवड्यांपर्यंत थांबणं महागात पडतं, म्हणून तुमचा क्रम तिच्या उलट असेल. आधी ऑप्टचा अर्ज, मग बाकीचं.

तुझ्याकडे परत येते. या आठवड्यात तीनच गोष्टी कर. सुपरवायझरना मेल, आंतरराष्ट्रीय कार्यालयात एक भेट आणि रविवारी बाबांना फोन, आईकडे न देता, कर्जाच्या कामासाठी. महालक्ष्म्यांच्या आधीचं तिकीट काढून टाक म्हणजे आईचा जीव शांत होईल. फक्त ते काढताना परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असंच घे, थोडे पैसे जास्त पडले तरी.